उजव्या बाजूचा टायर

१

फाटलेला टायर कोणीतरी सकाळीच दुकानाच्या पायरीवर आणून टाकला होता. टाकला तोही असा, की येणाऱ्या-जाणाऱ्याने ठेच लागून तरी तो बघावा.

भाच्याने शटर अर्धं वर केलं आणि तसाच उभा राहिला. मागून चहाचा थर्मास घेऊन येणारी आत्या त्याच्या पाठीवर आदळता आदळता वाचली.

"काय रे, भूत बघितलंस का?"

"तोच आहे," भाचा म्हणाला. "प्रसूतिगृहाच्या गाडीचा."

आता हे 'तोच' म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. आदल्या दिवशी दुपारी प्रसूतिगृहाची गाडी एका अडलेल्या बाईला घेऊन मोठ्या इस्पितळाकडे निघाली होती. सोबत डॉक्टरीणबाई. भरधाव जाताना पुढचा उजवा टायर फुटला आणि गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर जायला लागली. गाडी चालवणाऱ्या मामांनी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि गाडी हळूहळू कडेच्या वाळूच्या ढिगात नेऊन घातली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने सगळ्यांना उचलून इस्पितळात पोचवलं. बाई सुखरूप, बाळ सुखरूप, डॉक्टरीणबाईंचं कोपर खरचटलं तेवढंच. ज्याने ज्याने ऐकलं त्याने आधी देवाचे आभार मानले, मग मामांचे, मग त्या ट्रकवाल्याचे. आणि आभार मानून झाल्यावर, माणसाची जातच ती, प्रत्येकाने विचारलं की टायर बसवला कोणी होता?

बसवला होता भाच्याने. चारही टायर त्यानेच बसवले होते, गेल्या थंडीत, एकाच दिवशी, एकाच कंपनीचे, नवेकोरे. पण 'जुनाट माल चोपडून नवा म्हणून खपवला' ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाली. शाळेच्या सगळ्या गाड्यांचं काम भाच्याकडे होतं आणि खरं सांगायचं तर दुकान त्यावरच चालत होतं. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आवाज गोड, मजकूर कडू. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे, आठवडा संपला की आम्ही दुसरं दुकान बघू, तोवर तुमचं काही म्हणणं असेल तर कळवा.

"म्हणणं काय कळवू?" भाचा म्हणाला. "मी फसवलं नाही, एवढंच ना? ते तर फसवणाराही म्हणतो."

आत्याने थर्मास खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या. ही आत्या म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. टायरच्या कारखान्यात एक खोली असते. फुटून परत आलेले टायर तिथे कापतात आणि का फुटले ते शोधतात. आत्या त्या खोलीची प्रमुख होती. रबराचं रसायन शिकलेली, जिभेला धार आणि राग कायम नाकावर. ती निवृत्त झाली तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले होते, "कधीही या हं." न विचारता तिची पेटी उचलून घरात नेऊन ठेवली ती एकट्या या भाच्याने. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. उलट रोज सकाळी त्याच्या चहाला नावं ठेवायची. पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

"चाकू दे," ती म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नकोस."

तिने टायर उलटासुलटा केला. आतून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. मग बाहेरच्या कडेला अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा ठसा रबरात तसाच राहिला.

"अगं, हे काय?" भाच्याने तोंड उघडलंच.

"टायरात हवा कमी असती तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या असत्या, रबराचा भुगा सापडला असता. आत एकदम स्वच्छ आहे. म्हणजे मामांची चूक नाही. खिळा नाही, चीर नाही. माल वाईट असता तर दोन्ही कडा सारख्या खराब झाल्या असत्या. ही आतली कड बघ, टणक. आणि ही बाहेरची, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली आहे. आतले दोरे रबर सोडून मोकळे झालेत." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "हा रस्त्यावर फुटला खरा. पण त्याचा जीव आधीच, थोडा थोडा करून, कोणीतरी बाहेरून घेतला आहे."

२

प्रसूतिगृहाच्या फाटकाशी बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. आत्याला बघून ते उठले, फाटक उघडून धरलं आणि अदबीने बाजूला झाले. त्यांच्या नखांत काळं होतं, खिशात नीट घडी घातलेलं फडकं होतं. "गाडी आता बरी होईल ना?" एवढंच त्यांनी विचारलं, जसं काही गाडीला तापच आला होता. आत्याने मान डोलावली आणि ती पुढे गेली.

गाडी ओढून आणून आपल्या नेहमीच्या जागी उभी केली होती. प्रसूतिगृह आणि शेजारचं घर यांच्यामधली बोळकंडी इतकी अरुंद, की गाडीची डावी बाजू भिंतीला जवळजवळ चिकटायची. माणूस फिरू शकेल एवढी जागा उजवीकडेच होती. आत्या वाकून मागच्या उजव्या टायरपाशी गेली. तोही फुगलेला. मग कशीबशी आडवी होऊन तिने भिंतीकडचे दोन्ही टायर चाचपले. धुळीने पांढरे, पण ठणठणीत.

"मामा," ती ओरडली, "हा मागचा टायरही आजच्या आज काढा. हा फुटायची वाट बघू नका."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. काल एवढ्या मोठ्या प्रसंगातून गाडी काढणारा माणूस आज हातातली किल्ली नुसती फिरवत उभा होता.

"उजवीकडचे टायर चकचकीत आहेत, डावीकडचे धुळीने भरलेत," आत्या म्हणाली. "पुसतं कोण?"

मामांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"मी," ते म्हणाले.

"कशाने?"

"साबणाने. पाण्याने. म्हणजे... कधी साबण, कधी पाणी."

"आणि डावीकडे कधीच नाही?"

मामांच्या कपाळावर घाम आला. आत्याने वाट बघितली. वाट बघण्यात ती मुरलेली होती.

"बाई, खरं सांगतो, पण हसू नका," मामा हळूच म्हणाले. "मी नाही पुसत. एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मामा, हल्ली टायर काय आरशासारखे ठेवता हो. मला वाटलं, सफाईवाल्या मावशी पुसत असतील. वाहवा फुकटात मिळत होती, कोण सोडतो? मग रोज कौतुक व्हायला लागलं. आता नाही कसं म्हणू?"

"सफाईवाल्या मावशी काय म्हणतात?"

"त्यांना वाटतं, मीच पुसतो."

आत्याने डोक्याला हात लावला. म्हणजे या गाडीची रोज कोणीतरी उठाठेव करत होतं, आणि ते कोण, हे इथे एकालाही ठाऊक नव्हतं.

३

ठाऊक असेल असा एक माणूस होता. भिंतीपलीकडे राहणारे तक्रारकाका. हे नाव त्यांचं त्यांनी कमावलेलं. गाडीचा धूर खिडकीत येतो, रुग्णांचे नातेवाईक मोठ्याने बोलतात, पोरं रडतात. बाळांनी रडू नये म्हणूनही त्यांनी एकदा लेखी अर्ज दिला होता म्हणे.

"टायर दुकानासमोर मीच टाकला," ते आत्याला दारातच म्हणाले. "हमालाला सांगून टाकला. लोकांना कळायला नको?"

"कळलं लोकांना. तुम्ही एकदा म्हणाला होतात ना, या गाडीची हवा काढीन?"

"म्हणालो होतो. बोललो म्हणजे केलं असं नसतं. बोलून मोकळं होतो म्हणून तर मला करावं लागत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा माणूस. पण आत्याला त्यांचं हे बोलणं पटलं. शिवाय त्या टायरवर तिने बघितलं होतं ते वेगळंच होतं. काठापासून काठापर्यंत, अक्षरांच्या खाचांतून सुद्धा, कोणीतरी फडकं फिरवलं होतं. दावा साधणारा माणूस खिळा ठोकतो आणि पळतो. तो रोज येऊन लेकराचं तोंड पुसावं तसं चाक पुसत बसत नाही.

"पहाटे काही आवाज येतो का त्या बाजूने?"

"आवाज?" काकांचा चेहरा उजळला. "आता नाही येत. ते फाटक काय किंचाळायचं हो, माझी झोप मोडायची. मी खरमरीत पत्र दिलं. लगेच बंद. बघा, माझ्या तक्रारीचा गुण."

आत्या निघायला वळली होती, ती थांबली.

"फाटक दुरुस्त केल्याचं कोणी तुम्हाला कळवलं?"

"कळवतील कशाला? माझा दरारा आहे."

आत्याला सकाळचं ते फाटक आठवलं. केवढं जड, जुनं, आणि उघडताना हूं की चूं नाही. तिने काकांचा निरोप घेतला आणि जवळजवळ पळतच डॉक्टरीणबाईंची खोली गाठली.

४

डॉक्टरीणबाई कोपराला पट्टी बांधून कामावर हजर होत्या. आत्या काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, तुमच्या भाच्याबद्दल लोक काय बोलतात ते मी ऐकलंय. मी तसं एक अक्षर म्हटलेलं नाही. काल आम्ही वाचलो, त्याचंच मला इतकं आहे की कोणावर रागवायला जागाच उरली नाही."

आत्याने जे जे बघितलं ते सांगितलं.

"एकाच बाजूला सूज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच बाजूला सूज असेल तर आम्ही आधी हेच विचारतो, की त्या बाजूला काय लागलं? आतला आजार असा बाजू बघून येत नाही."

"तेल लागलंय. यंत्राचं पातळ तेल. रोज थोडं थोडं. रबर ते पिऊन घेतं आणि सैल पडतं. आता मला सांगा, तुमच्याकडे आणखी काय काय आवाज करायचं थांबलंय?"

डॉक्टरीणबाई उठून दाराकडे गेल्या आणि दार उघडून बंद केलं. बाहेर जाऊन रुग्णांची ढकलगाडी ढकलून बघितली. तिची चाकं इतकी गुपचूप फिरली की एक नर्स दचकून बाजूला झाली.

"ही कुरकुरायची," त्या सावकाश म्हणाल्या. "बाळांच्या वजनकाट्याचा दांडाही. मला वाटलं, आपल्या माणसांना शिस्त लागली. मी बैठकीत सगळ्यांचं अभिनंदनसुद्धा केलं होतं. आणि सगळ्यांनी ते घेतलं."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग डॉक्टरीणबाईंचं हसू एकदम मावळलं.

"ताई, सकाळी लवकर येता का? म्हणजे आपल्या डोळ्यांनीच बघू."

५

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या दोघी तपासणीच्या खोलीत, खिडकीच्या पडद्याआड बसल्या. फाटक उघडलं, आवाज न करता. ते बाकावरचे गृहस्थ आत आले. त्यांनी आधी फाटकाच्या बिजागरीवर थेंब सोडला. मग जिन्याखालची ढकलगाडी उलटी करून तिच्या चाकांना. मग गाडीकडे वळले, खिशातलं फडकं काढलं, त्यावर तेल घेतलं आणि भाच्याने नव्याने बसवलेल्या टायरसमोर उकिडवे बसले. इतक्या आस्थेने ते चाक पुसत होते की आत्याला खिडकीतून ओरडवेना.

"छापखानेवाले आजोबा," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "यांच्या सुनेला बाळंतपणात रक्त थांबेना. दोन दिवस मी तिच्या उशाशी होते. वाचली. नात आता रांगायला लागली. हे तेव्हापासून रोज येतात, बाकावर बसतात. मला वाटायचं, घरी करमत नसेल."

त्या बाहेर गेल्या. आत्या मागोमाग. आजोबा चोरी पकडली गेल्यासारखे उभे राहिले आणि फडकं पाठीमागे लपवलं.

"बाबा, हे तुम्ही कधीपासून करता?"

"सून घरी आली तेव्हापासून." आजोबा जमिनीकडे बघत होते. "तुमचे आभार मानायचे होते. पण तुमच्या खोलीसमोर नेहमी रांग. आणि मला बोलता येत नाही, बाई. जन्म छापखान्यात गेला, यंत्रांच्या आवाजात बोलणार काय? तेल द्यायला मात्र येतं. फिरणाऱ्या वस्तूला तेल दिलं की ती दगा देत नाही. म्हटलं, तुम्ही ज्या गाडीतून जाता तिची चाकं तरी सांभाळू."

कोणी सांगावं आता? शेवटी आत्यानेच आजोबांच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं, त्यांना पायरीवर बसवलं आणि शेजारी टेकली. इतक्या मऊ आवाजात ती कधी कोणाशी बोलली नसेल.

"बाबा, लोखंडाला तेल लागतं. रबराला ते विष आहे."

आजोबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पायरीला धरलं.

"म्हणजे परवा..."

"सगळे सुखरूप आहेत," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. "बघा माझ्याकडे. मी उभी आहे ना तुमच्यासमोर?"

आजोबांनी बघितलं. मग ते उठले आणि फाटकातून निघून गेले.

६

"आता कळव शाळेला," आत्या दुकानात येऊन म्हणाली. "चूक तुझी नाही, आणि मी ते दाखवून देऊ शकते."

भाच्याने सगळं ऐकलं. हातातला पाना तो पुसत राहिला.

"त्यांचं नाव सांगावं लागेल?"

"तेल कुठून आलं, असं कोणी तरी विचारणारच."

"मग राहू दे, आत्या."

"राहू दे? अरे, दुकान जाईल तुझं."

"दुसरं काहीतरी करीन. हातपाय धड आहेत." त्याने पाना जागेवर ठेवला. "ज्या माणसाने रोज पहाटे उठून उपकार फेडले, त्याच्याकडे या वयात सगळ्यांनी बोट दाखवायचं? माझ्याच्याने नाही बघवणार."

आत्याला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापिकाबाई.

"तुमच्या दुकानाबद्दल माझा गैरसमज झाला, माफ करा," त्या म्हणाल्या. "इथे एक आजोबा आले होते. सगळं सांगून गेले. टायरवाल्याचा काही दोष नाही, दोष माझा, असं प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन शिक्षकांना सांगत होते. मी थांबवलं म्हणून थांबले. गाड्या तुमच्याकडेच राहतील."

भाच्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो आजोबांना शोधायला दाराकडे धावला. आजोबा रस्त्याच्या पलीकडून येत होते. येताना किराणावाल्याकडे थांबले, औषधवाल्याकडे थांबले, आणि प्रत्येकाला तेच सांगत होते. आणि त्यांच्या बरोबर, छत्री त्यांच्या डोक्यावर धरून, कोण होतं? तक्रारकाका. बातमी पसरवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, तो माणूस आज ती परत गोळा करत फिरत होता.

"मीच यांना घेऊन हिंडतोय," काका जरा गुरगुरतच म्हणाले. "कोणाकोणाला सांगितलं होतं ते मलाच माहीत."

आजोबा दुकानाच्या पायरीशी थांबले. वर येईनात.

"तुझं वाटोळं करणार होतो मी," ते भाच्याला म्हणाले.

भाचा खाली उतरला आणि त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. "बाबा, माझी मुलगीही त्याच प्रसूतिगृहात झाली. पायाळू होती. बायको आणि पोर दोघीही हाताला लागतील की नाही अशी वेळ होती. त्या बाईंनी दोघींना वाचवलं. मी बिल भरलं आणि घरी आलो. तुमचं चुकलं असेल, पण तुम्ही काहीतरी केलंत. मला तेही सुचलं नाही." तो थांबला. "चला. आपण दोघं जाऊन सांगून येऊ."

"मला बोलता येत नाही रे."

"मला तरी कुठे येतं?"

डॉक्टरीणबाईंच्या खोलीसमोर रांग होतीच. दोघं रांगेत उभे राहिले, मागे आत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा आजोबांनी टोपी काढली, खाकरले, पुन्हा खाकरले. "बाई, सुनेला वाचवलंत. आभारी आहे." झालं, एवढंच. भाच्याने तर त्याहून कमी शब्दांत आटोपलं. पण डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून दोघांचे हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. म्हणाल्या, इतकी बाळं हातांखालून गेली, पण असं केवळ एवढ्यासाठी रांगेत उभं राहून कोणी आलं नव्हतं.

परत येताना आत्या मागे रेंगाळत होती. भाच्याने दोनदा तिच्याकडे वळून बघितलं. कोपऱ्यावर ती थांबली.

"ऐक," ती म्हणाली. "माझी पेटी घरात नेऊन ठेवलीस ना तू त्या दिवशी. ते बरं केलंस. कोणीच केलं नव्हतं. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि मी ते कधी म्हटलं नाही, म्हणून म्हणते."

भाच्याने घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. "आत्या, बरं नाही का वाटत? मागे फिरूया का, डॉक्टरीणबाई अजून आहेत."

"गाढवा, मी ठणठणीत आहे," आत्या म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं. भर रस्त्यात भाच्याने तिला जवळ घेतलं. लोक बघत होते आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.